दुसऱ्याच्या घरचं आमंत्रण

घरी पत्त्यांचा डाव ठरलेला असतो. यजमानाने तिघांना बोलावलेलं असतं आणि त्यांतला एक जण न विचारता आणखी एकाला घेऊन येतो. यात वावगं काहीच नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं: अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती, इथे माणसं मोजायची नसतात. शिवाय खेळच तर आहे, एक जण वाढला म्हणून काय बिघडतं? आणि आधी विचारत बसणं हा परकेपणा झाला. चाळीत, वाड्यात कोण कुणाला विचारत होतं? यांतला एकही मुद्दा टिकणारा नाही.

अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत येतो. अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य पुढे कसं वागायचं ते सांगतात, त्यात तो आहे. म्हणजे हे कर्तव्य ज्याच्या दारी पाहुणा येतो त्याला सांगितलेलं आहे. पाहुण्याच्या हाती दिलेला तो हक्क नव्हे, आणि आपल्यासोबत आणखी कुणाला आणण्याची मुभा तर त्यातून मुळीच निघत नाही. दात्याला दानधर्म सांगितला म्हणून याचकाने त्याच्या खिशात हात घालायचा नसतो.

‘एकाने काय बिघडतं’ हे खेळ न जाणणाऱ्याचं बोलणं आहे. मेंढीकोट चौघांचा. समोरासमोरचे दोघे जोडीदार, प्रत्येकाला तेरा पानं, आणि सगळी चुरस चार दश्श्यांसाठी. पाचव्याला त्यात जागाच नाही. ब्रिजचंही तेच. १९९५ साली जर्मनीत निघालेला आणि आता आपल्याकडच्या तरुणांतही रुळलेला कॅटन हा पटावरचा खेळ घ्या. मूळ संचात जास्तीत जास्त चौघे खेळू शकतात, पाचवा-सहावा आला की वेगळा जोडसंच लागतो.

आणि बिघडतं ते फक्त खेळात नाही. बेल वाजते, दारात एकाऐवजी दोघे. “अरे, हा माझ्या ऑफिसातला. एकटाच होता, म्हटलं चल!” यजमान “या, या” म्हणतो, दुसरं म्हणणार तरी काय? आत त्याची आई उतरवलेली कढई पुन्हा गॅसवर ठेवते, कारण वडे माणशी दोन या हिशेबाने तळलेले असतात. नवा माणूस दिवाणाच्या कडेवर बसतो, हातात मोबाइल. मधूनच कुणीतरी विचारतं, “माझ्या जागी खेळतोस का?” तो म्हणतो, “नाही नाही, तुम्ही खेळा.” दोन डाव होईपर्यंत गप्पाही आटतात. नोकरीतली कटकट, वडिलांचं दुखणं, ज्या गोष्टी जुने मित्र पानं लावता लावता एकमेकांना सांगतात, त्या अनोळखी माणसासमोर निघत नाहीत. त्या रात्रीचं मोल त्या बोलण्यात होतं, आणि नेमकं तेच हरवतं.

राहिला चाळीचा दाखला. चाळीत दार उघडं असे हे खरं, पण आत येणारा त्या घराच्या ओळखीचा असे. आणि परंपरेचंच म्हणाल तर ती आमंत्रणाच्या बाबतीत फार काटेकोर आहे. मंगळागौर पाहा, घरात खेळांनी रात्र जागवणारा आपला अस्सल सण. पूजेला आणि जेवायला वशेळ्या, म्हणजे सोबत पूजा करणाऱ्या नवविवाहिता, आधीपासून ठरवून सांगितलेल्या असतात. संध्याकाळचं हळदीकुंकू मात्र आळीतल्या सगळ्याजणींना. एकाच घरात, एकाच दिवशी दोन वेगळी आमंत्रणं, आणि कुणाला त्यात परकेपणा वाटत नाही. हळदीकुंकवाला बोलावताना यजमानीण आवर्जून सांगते, “घरी पाहुण्या आल्या असतील तर त्यांनाही घेऊन या.” ही परवानगी तिच्या तोंडून येते, आणि ती तिनेच द्यायची असते.

मग आलेल्याला दारातून परत पाठवायचं का? मुळीच नाही. त्याचा दोष नसतो. त्याला कुणीतरी “चल, चालतं” म्हणून आणलेलं असतं. त्याला आपुलकीने आत घ्यावं, पाणी द्यावं, नाव-गाव विचारावं. जमलं तर मेंढीकोट बाजूला ठेवून बदाम सात किंवा झब्बू मांडावा, म्हणजे पाचव्यालाही पानं मिळतात. सगळ्यांना मेंढीकोटच खेळायचा असेल, तर आणणाऱ्याने स्वतःचे पत्ते त्याच्या हाती द्यावेत आणि आपण स्वयंपाकघरात मदतीला जावं. आणलं त्याने, तर जागाही त्यानेच सोडायला हवी. यजमानाने दुसऱ्या दिवशी मित्राला एकट्याला गाठून स्पष्ट सांगावं, पुढच्या वेळी आधी विचार. चारचौघांत सुनावू नये, आणि मनात धरून पुढचं बोलावणंही बंद करू नये.

विचारण्याचीही रीत आहे. मित्राला शेजारी उभं करून फोन लावला, किंवा ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलं, तर यजमानाला नाही म्हणायला वावच उरत नाही. एकट्याने, एक-दोन दिवस आधी विचारावं, आणि ‘नाही जमलं तरी काही हरकत नाही’ हे मनापासून म्हणावं.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत एकटा राहणारा मुलगा कुठेतरी सामावला जावा असं मलाही मनापासून वाटतं. पण मागून ओढत आणलेला माणूस कुणाच्या घरात सामावत नाही. तो रात्रभर अवघडून बसतो. “उद्या तूही ये, पाचांचा डाव मांडू,” हे यजमानाचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं, की तो हक्काने येतो. त्यासाठी मित्राने आदल्या दिवशी एक फोन करायचा असतो. तेवढं करणं हा त्या घराचा मान आहे, आणि सोबत येणाऱ्या माणसाचाही.