जनमत चाचणीला खो-खोची शिस्त हवी

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबई महापालिकेची मतमोजणी झाली. गिरगावच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांच्यात इतकी घासून लढत झाली की फेरमोजणीअंती दोघांच्याही नावापुढे ५,९४६ हाच आकडा आला. शेवटी चिठ्ठी काढली गेली आणि शहा निवडून आले. २२७ जागांच्या सभागृहात शिवसेना ८४ आणि भाजप ८२ असा निकाल लागला. ती चिठ्ठी दुसऱ्या नावाची निघाली असती तर ८५ विरुद्ध ८१ झाले असते. दोन जागांचे अंतर चार जागांचे झाले असते आणि मुंबईतल्या एकाही मतदाराचे मत त्यासाठी बदलावे लागले नसते. तरीही पुढे कित्येक दिवस ‘फक्त दोन जागांचा फरक’ या एका आकड्यावर शहराच्या राजकारणाचे अर्थ लावले जात होते.

मी परळमधल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी खो-खोच्या स्पर्धांना गुणलेखक म्हणून टेबलावर बसते. निवडणूक आली की शिक्षकांच्या वाट्याला येणारे मतदान केंद्रावरचे कामही करते. फरकाचा आकडा त्यामुळे मला तीन ठिकाणी भेटतो: मैदानावर, मतपेटीत आणि चाचण्यांच्या बातम्यांत. या तिन्हींचे अर्थ वेगवेगळे आहेत, आणि आपली वर्तमानपत्रे व वाहिन्या ते एकाच मापाने मोजतात. याचा त्रास आकडेतज्ज्ञांना होत नाही, तो मतदाराला होतो. म्हणून हे लिहिते आहे.

आधी मैदान. दादरच्या अमर हिंद मंडळात किंवा शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात खो-खो पाहिलेल्या माणसाला निकालाची भाषा पाठ असते. ‘१२-११ असा एक गुण राखून विजय’ आणि ‘१२-११ असा एक गुण व पाच मिनिटे राखून विजय’ या दोन बातम्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या सामन्यात जिंकणारा संघ शेवटी संरक्षण करत होता आणि वेळ संपेपर्यंत त्याचा जीव टांगणीला होता. दुसऱ्यात जिंकणारा संघ शेवटी आक्रमण करत होता. हवा असलेला गडी त्याने पाच मिनिटे आधीच टिपला आणि खेळ तिथेच थांबला. नऊ मिनिटांच्या पाळीत पाच मिनिटे शिल्लक राहणे हा सरळ एकतर्फी विजय आहे. गुणांचा फरक दोन्हीकडे एकच, पण मिनिटे लिहिली नाहीत तर वाचक फसतो. म्हणून आमच्या खेळात मिनिटे लिहितात. वर्षानुवर्षे, अगदी शालेय स्पर्धेच्या चार ओळींच्या बातमीतही ती लिहिली जातात. गुण बरोबरीत सुटले तर जादा डाव होतो. तोही बरोबरीत सुटला तर लघुत्तम आक्रमण होते. कोणत्या संघाने पहिला गडी कमी वेळात बाद केला हे घड्याळावर पाहिले जाते. चिठ्ठी टाकायची वेळ येऊ नये इतकी काळजी या खेळाने घेतली आहे.

कबड्डीतही हेच. श्रमिक जिमखान्यावर सामना पाहणारे लालबाग-परळचे जुने प्रेक्षक फलक पाहून थांबत नाहीत, ‘लोण किती पडले?’ हे विचारतात. सगळा संघ बाद झाला की प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात. सात गुणांच्या आघाडीत दोन लोण असतील तर त्यातले चार गुण तिथलेच असतात, आणि एक लोण उलटा पडला की सामना फिरतो. हे ज्यांना कळते ते मध्यंतराला उठून घरी जात नाहीत.

मैदानावरचा फरक कितीही लहान असो, तो पूर्ण असतो. १९९०-९१ च्या रणजी अंतिम सामन्यात वानखेडेवर हरियाणाने दोन डावांत ५२२ आणि २४२ धावा केल्या, मुंबईने ४१० आणि ३५२. बेरीज ७६४ विरुद्ध ७६२. दादर युनियनचे दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद उभे राहिले आणि मुंबई दोन धावांनी हरली. पाच दिवस प्रत्येक चेंडू मोजला गेला होता. दोन धावा म्हणजे दोनच धावा, त्यात ‘अंदाजे’ काही नव्हते.

निवडणुकीतला फरकही असाच मोजलेला असतो. पण तो वाचताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: एक मत इकडून तिकडे गेले की फरक एकने नाही, दोनने बदलतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते पडली. फरक ४८ मतांचा. वायकरांच्या बाजूच्या फक्त २५ मतदारांनी दुसरे बटण दाबले असते तर खासदार बदलला असता. नऊ लाखांवर मतांत पंचवीस माणसे, म्हणजे एखाद्या चाळीचा एक मजला. त्याच वर्षी विधानसभेला माहीममध्ये महेश सावंत ५०,२१३, सदा सरवणकर ४८,८९७ आणि अमित ठाकरे ३३,०६२ अशी तिरंगी लढत झाली. १,३१६ चे मताधिक्य ऐकायला बरे वाटते, पण ६५९ मतदार उलटे वळले असते तर निकाल उलटला असता. शिवाय विजेत्यापेक्षा इतर दोघांची मिळून मते ३१ हजारांहून अधिक होती. विजय पूर्ण कायदेशीर आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण ‘माहीमने कौल दिला’ असे म्हणताना हे दोन्ही आकडे शेजारी ठेवावे लागतात.

वरळीचे उदाहरण याहून बोलके आहे. आदित्य ठाकरे २०१९ मध्ये ६७,४२७ मतांनी जिंकले आणि २०२४ मध्ये ८,८०१ मतांनी. ‘साठ हजार मतदार गेले’ असे तेव्हा अनेकांनी सहज म्हटले. मते पाहा: २०१९ मध्ये ८९,२४८, २०२४ मध्ये ६३,३२४. घट सुमारे २६ हजारांची. फरकातली उरलेली घट समोरच्या बाजूने आली. २०१९ मध्ये भाजप त्यांच्यासोबत होता, मनसेने उमेदवार दिला नव्हता आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला २१,८२१ मते होती. २०२४ मध्ये समोर मिलिंद देवरा होते, त्यांना ५४,५२३ मते मिळाली आणि मनसेनेही १९ हजारांवर मते घेतली. म्हणजे मताधिक्य हा एका उमेदवाराच्या लोकप्रियतेचा आकडा नाही. समोर कोण आहे आणि मते किती जणांत वाटली गेली, हेही त्यात मिसळलेले असते.

आता चाचण्या. इथला फरक मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो, आणि नेमके हेच बातमीत गाळले जाते. समजा १,००० माणसांना विचारले आणि ‘अ’ पक्षाला ४२ टक्के, ‘ब’ पक्षाला ३८ टक्के मिळाले. मथळा येतो, ‘अ पक्ष चार टक्क्यांनी पुढे’. हजारांच्या नमुन्यात प्रत्येक पक्षाच्या आकड्याला सुमारे ३ टक्के इकडेतिकडे अशी मुभा द्यावी लागते, हे काही जणांना ठाऊक असते. पण दोन पक्षांमधल्या फरकाला लागणारी मुभा याहून बरीच मोठी असते, कारण एकाचा आकडा फुगला की बहुधा दुसऱ्याचा आटतो. या उदाहरणात ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे खरी स्थिती ‘अ’ साडेनऊने पुढे इथपासून ‘अ’ दीडने मागे इथपर्यंत कुठेही असू शकते, आणि तीही शंभरांतल्या पंच्याण्णव वेळा. याला आघाडी म्हणायचे की चुरस? माझ्या नववीच्या मुलांनीही चुरस असेच उत्तर दिले असते. ही मुभा निम्मी करायची तर दुप्पट माणसे पुरत नाहीत, चौपट लागतात.

राज्याच्या चाचणीतून आपल्या भागाचा निष्कर्ष काढणे तर त्याहून धोक्याचे. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत. १,००० माणसे समान वाटली तर एका मतदारसंघाच्या वाट्याला साडेतीन माणसे येतात. लालबाग-परळ ज्यात आहे त्या शिवडीचा कल साडेतीन माणसांवरून सांगता येत नाही. मुंबईच्या ३६ जागा धरल्या तरी सव्वाशे माणसे होतात आणि एकेका आकड्याची मुभा नऊ टक्क्यांच्या घरात जाते. तरीही ‘मुंबईत कोण पुढे’ हे वाहिन्यांच्या पट्टीवर ठामपणे झळकते.

आणि ही सगळी मुभा केवळ नशिबाच्या हेलकाव्याची आहे. विचारायला गेलेला माणूस कुणापर्यंत पोहोचला, हा प्रश्न त्यात येतच नाही. आमच्या परळमध्ये तो डोळ्यांना दिसतो. चाळीच्या गॅलरीत उभे राहिले की दहा दारे उघडी मिळतात, लोक बसायला सांगतात. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावर सुरक्षारक्षक अडवतो. दोन्हीकडचे मतदार एकाच यादीत आहेत, पण चाचणीत एकाचा आवाज सहज येतो आणि दुसऱ्याचा येत नाही. पाळीवर असलेला, रात्री उशिरा घरी येणारा कामगारही असाच सुटतो. हजारांऐवजी दहा हजारांना विचारले तरी हा दोष जात नाही.

मतांचे जागांत रूपांतर करताना तर अंदाजावर अंदाज चढतो. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याहूनही कमी फरक होता, पण जागा पडल्या ३० आणि १७. देशभर १ जूनच्या संध्याकाळी अनेक मतदानोत्तर चाचण्यांनी एनडीएला ३५० च्या वर नेले होते, प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला बहुतेक चाचण्यांनी महायुतीचे बहुमत बरोबर ओळखले, पण भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी मिळून १३२, ५७ आणि ४१ अशा २३० जागा येतील, हे मी पाहिलेल्या एकाही चाचणीत नव्हते. एकदा आकडा वर चुकला, एकदा खाली. मतांतला दीड-दोन टक्क्यांचा हेलकावा जागांत किती मोठा होतो, हे त्या आकड्यांसोबत कुणी छापले असते तर लोकांना धक्का बसला नसता आणि निकालावर विनाकारण संशयही घेतला गेला नसता. ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. अंदाज खात्रीच्या सुरात सांगितला जातो, मग खरा निकाल वेगळा आला की लोक अंदाजाला सोडून मोजणीलाच खोटे म्हणू लागतात.

चाचण्यांवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणी आणि अखेरचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचणी प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहेच, तेवढे पुरेसे आहे. मागणी साधी आहे. प्रत्येक चाचणीच्या बातमीत किती माणसांना, कोणत्या तारखांना, कसे विचारले आणि पैसे कुणी दिले हे लिहावे. फरकाला किती मुभा आहे ते मथळ्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. आघाडी त्या मुभेच्या आत असेल तर ‘पुढे’ हा शब्द वापरूच नये, ‘चुरस’ म्हणावे. ज्या वर्तमानपत्रांचे क्रीडापान शालेय खो-खोच्या निकालात मिनिटे लिहायला विसरत नाही, त्यांच्या पहिल्या पानाला हे जड नाही.

आणि वाचकांना एक विनंती. आपला उमेदवार चाचणीत पाच टक्क्यांनी मागे आहे म्हणून किंवा पुढेच आहे म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसू नका. पुढचा आकडा ऐकाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: हा मोजलेला आहे की अंदाजलेला, कितीमधला आहे, आणि किती माणसे वळली तर तो उलटेल. उत्तरे मिळाली नाहीत तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि मत देऊन या.