चावी आपली, कुलूप कंपनीचं

गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही, मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकतंय? म्हणजे बहुतेक इमोबिलायझरला चावीतली चिप ओळखू येत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. पुशबटणाची गाडी असेल तर चावीच बटणाला टेकवा. सेल उतरला असला तरी बऱ्याच गाड्या घेतात.

नाहीच झालं, की टोचन करून जिल्ह्याच्या शोरूमला! का? तर चावी जुळवायचा कोड गावातल्या गॅरेजवाल्याला मिळत नाही. म्हणे चोऱ्या होतील. अहो, मग आधार-आरसी बघून, नोंद ठेवून द्या की! सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगानं २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना दंड ठोकलाय. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रानं २०२२ मध्ये समितीही नेमली. कायदा कुठाय? खासदारसाहेब, हा प्रश्न लोकसभेत कधी विचारताय?