ही गिटार कोणी बनवली?

— द्वितीय वर्ष, कला

गेल्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवली. वाजवली म्हणण्यापेक्षा वाजवण्याचा प्रयत्न केला, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल! टाळ्या पडल्या त्या माझ्या वादनाला नव्हेत, तर निवेदकाने केलेल्या घोषणेला. "ही गिटार त्याने स्वतः घरी तयार केली आहे," असे त्याने सांगितले होते. कार्यक्रम संपल्यावर अनेकांनी मला गाठले. एका प्राध्यापकांनी पाठ थोपटून विचारले, "खरंच तू केलीस?" मी म्हणालो, "हो सर, मीच केली."

हा लेख मी त्या उत्तरामुळे लिहीत आहे. ते उत्तर निम्मे खोटे होते.

माझे वडील सुतारकाम करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली आणि आजोबांचा रंधा हातात आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या लहानपणापासून अण्णांचा एकच हट्ट होता, पोराने हत्याराला हात लावायचा नाही. सुट्टीत मी पटाशी उचलली की ते ती काढून घेत आणि म्हणत, "ह्यो धंदा माझ्यापाशी संपू दे. तू पुस्तक धर." त्यामुळे सुताराचा मुलगा असूनही मला सरळ करवत मारता येत नव्हती.

गिटारचे वेड मला कॉलेजात आल्यावर लागले. चांगली गिटार विकत घेणे परवडणारे नव्हते. वाचता वाचता कळले की साध्या गिटारला जशी पोकळ पेटी लागते, तशी इलेक्ट्रिक गिटारला लागत नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. १८३१ साली फॅरडेने दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. म्हणून भरीव लाकडाचीही गिटार होऊ शकते. अमेरिकेतील लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून असा प्रयोग केला होता. त्या वाद्याला 'लॉग', म्हणजे ओंडका, हेच नाव पडले.

आमच्या परसात एका पाडलेल्या वाड्याची सागवानी चौकट पडून होती. तिच्यावर मी करवत चालवली. दोन दिवस अण्णा लांबून नुसते पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना ते लाकूड बघवेना. ते जवळ आले आणि एवढेच म्हणाले, "सरक."

तिथून पुढचे काम कोणी केले, याचा हिशेब मी आता मांडतो. आकृती माझी, रंधा त्यांचा. पिकअपची जागा मी आखली, पटाशीने कोरली त्यांनी. साग तेलकट असतो, सांधा चिकटवण्यापूर्वी स्पिरिटने पुसला नाही तर फेविकॉल धरत नाही, हे त्यांना ठाऊक होते, मला नव्हते. पिकअपचे वेढे मी स्वतः घालायला बसलो. तार दोनदा तुटली, तेव्हा निमूटपणे तयार पिकअप आणला. वायरिंग मात्र माझे. त्यात तारांना अर्थिंग जोडायचे राहिले आणि पहिल्या दिवशी स्पीकरमधून सुरांऐवजी भुंग्याची गुणगुण ऐकू आली!

परंतु सगळ्यात मोठा धडा मिळाला तो पडद्यांच्या मापात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, कानाला खटकले तर सरकवता येतात. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, दांडीवर एकदा ठोकले की ठोकले. त्यांच्या जागा गणिताने ठरतात. तारेची लांबी १७.८१७ ने भागायची, येईल तेवढ्या अंतरावर पहिला फ्रेट. उरलेली लांबी पुन्हा १७.८१७ ने भागायची, तिथे दुसरा. माझ्या गिटारची तार ६४८ मिलिमीटर, म्हणजे पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर यायला हवा. असे करीत गेले की बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, ३२४ वर येतो आणि तिथे मूळ स्वराचा वरचा षड्ज मिळतो.

मी सोयीसाठी १७.८१७ चे १८ केले. एवढ्याने काय बिघडणार, असे वाटले. बावीस खाचा पाडून झाल्यावर मोठ्या ऐटीत अण्णांना सांगितले, "हा बारावा. हा बरोबर मध्यावर असतो." अण्णांनी खिशातला दोरा काढला, तारेच्या लांबीएवढा मोजला, दुमडला आणि पट्टीवर धरला. दोऱ्याची घडी माझ्या खाचेपुढे दोन मिलिमीटरहून अधिक गेली. मी म्हणालो, "अण्णा, आकडा जरा पूर्ण करून घेतला होता." ते म्हणाले, "लाकडाला जरा चालत न्हाई रं." ती पट्टी चुलीत गेली. दुसरी शिसवीची पट्टी त्यांनी स्वतः रंधली आणि मी दशांशासह मापे घातली.

पुढे वाचनात आले की १८ चा हाच नियम जुने वाद्यकारागीर वापरीत असत. १५८१ साली व्हिन्चेंझो गॅलिली यांनी, म्हणजे थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओच्या वडिलांनी, १८ ला १७ हे प्रमाण आपल्या ग्रंथात मांडले होते. माझी चूक निदान घरंदाज तरी निघाली! पण ती पकडली कोणी? बारावीला गणितात चांगले गुण मिळवणाऱ्या मी नव्हे. चौथी शिकलेल्या माणसाच्या दुमडलेल्या दोऱ्याने. आपण ज्याला 'हातकाम' म्हणतो त्यात किती बुद्धी असते, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

पॉलिशच्या वेळीही तसेच झाले. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात मारायचे, हे अण्णांचे नेहमीचे फ्रेंच पॉलिश. मला घाई होती. श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना, मी एकट्याने चार हात मारले. सकाळी पाहतो तो सगळ्या लाकडावर पांढुरकी साय! दमट हवेत लाख पाणी धरते आणि अशी फुटते. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी सगळे घासून काढायला लावले, गिटार फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि सांगितले, "दसऱ्यानंतर बघू." दसऱ्यानंतर कोरड्या हवेत, रोज एक पातळ हात, मध्ये पॉलिश पेपर, पुन्हा हात, असे तीन आठवडे चालले. संयम या विषयावर मी निबंध लिहिले आहेत. संयम म्हणजे काय ते मी त्या तीन आठवड्यांत शिकलो.

मग स्नेहसंमेलनात मी "मीच केली" असे का म्हणालो? खोटे बोलण्याचा विचार नव्हता. वडील सुतार आहेत हे सांगताना जीभ अडखळली, हे खरे कारण आहे. माझ्या हातातल्या सागवानाला तुम्ही 'सर्जनशीलता' म्हणालात. त्याच सागवानाची चौकट अण्णा करून देतात, तेव्हा गिऱ्हाईक मजुरीत घासाघीस करते. हा फरक मला ठाऊक होता, आणि मी टाळ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

हा दोष एकट्या माझा असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आमच्यापासून एसटीने तासाभरावर मिरज आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचे लाकूड यांतून त्यांनी सतार-तंबोरे केले आणि ते देशभर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मैफलीच्या जाहिरातीत गायकाचे नाव असते, साथीदारांची नावे असतात. तंबोरा कोणी घडवला हे आपण कधी वाचले आहे काय? घडवणाऱ्याचे नाव गाळण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की मी माझ्या बापाचेच नाव गाळले!

असे न करणारेही असतात. इंग्लंडमध्ये ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाने १९६३ साली वडील हॅरॉल्ड यांच्यासह घरीच गिटार करायला घेतली. दांडीला एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. पुढे 'क्वीन' या प्रसिद्ध वाद्यवृंदात त्याने तीच गिटार वाजवली आणि २००७ साली खगोलभौतिकीतील पीएच.डी.ही पूर्ण केली. त्या गिटारची गोष्ट वडिलांना वगळून सांगताच येत नाही.

कोणी म्हणेल, हस्तकलेचे एवढे प्रेम आहे तर बी.ए. सोडून सुतारकाम कर! या प्रश्नाला मी टाळणार नाही. अण्णांचा उजवा खांदा रात्री दुखतो. पावसाळ्यात काम नसते. ज्यांना रंधा सोडण्याची सोय होती, त्यांनी रंध्याचे गोडवे गावेत यात मोठेसे शौर्य नाही. मला निवड करता आली, त्यांना करता आली नाही. मी शिकणारच. परंतु ज्या शिक्षणाने बापाच्या हत्यारांची लाज वाटू लागते, ते अर्धेच शिक्षण होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा विचार महाराष्ट्रात रुजवला. श्रम करून शिकावे, हे आपण तेव्हाच मान्य केले. पुढचे पाऊल अजून बाकी आहे: श्रमातही शिकण्यासारखी विद्या आहे, हे मान्य करण्याचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यवसायशिक्षण मुख्य शिक्षणाशी जोडण्याची भाषा आहे. आमच्या वेळापत्रकात कौशल्याचा तासही आला. पण त्या तासाला आम्ही कौशल्याच्या व्याख्या उतरवून घेतो. त्याऐवजी एका रिकाम्या खोलीत एक बाक, दोन रंधे आणि चार पटाश्या ठेवाव्यात. गावातला सुतार, लोहार, कुंभार यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे, आणि आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांना 'सर' म्हणावे. मागणी फार मोठी नाही.

ज्या प्राध्यापकांनी मला तो प्रश्न विचारला होता, ते हा अंक वाचतीलच. सर, माझे उत्तर दुरुस्त करू द्यावे. ती गिटार आम्ही दोघांनी केली, मी आणि माझे वडील. मागचे झाकण उघडले तर आत लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली मापे अजून आहेत. इंचातली अण्णांची, मिलिमीटरमधली माझी.