ओवाळणी नको, वाटणी हवी

राष्ट्रीय राजकारणात स्त्रियांचा प्रभाव वाढला आहे, असे आता सर्वच पक्ष म्हणू लागले आहेत. त्यात तथ्य आहे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांच्या किंचित पुढे गेले आणि 2024 मध्येही ते पुढेच राहिले. घरातील कर्त्या पुरुषाला गाठले की साऱ्या घराची मते पदरात पडली, हा जुना हिशेब पक्षांना सोडून द्यावा लागला. मध्य प्रदेशात 2023 साली आणि महाराष्ट्रात 2024 साली, विधानसभा निवडणुका तोंडावर आल्या असताना, स्त्रियांच्या खात्यात दरमहा रक्कम जमा करण्याच्या योजना आल्या, त्या या नव्या जाणिवेतूनच.

परंतु हा प्रभाव सत्तेपर्यंत पोचला आहे काय? लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर 2023 मध्ये संसदेने संमत केली. त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, 2024 साली, 543 जागांवर 74 स्त्रिया निवडून आल्या. 2019 मध्ये त्या 78 होत्या. महाराष्ट्राच्या 48 खासदारांत स्त्रिया अवघ्या सात. मतदार म्हणून स्त्री पुढे गेली, प्रतिनिधी म्हणून मागे सरली.

दरमहा मिळणाऱ्या दीड हजार रुपयांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मजुरी करणाऱ्या बाईच्या हाती नवऱ्याला न विचारता खर्च करता येईल असा पैसा येतो, ही गोष्ट लहान नव्हे. पण योजनेने तिला ‘बहीण’ म्हटले, यात पुष्कळ काही आले. आपल्या समाजात भाऊबीजेला बहिणीला ओवाळणी मिळते. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी निघाली की त्याच बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. 2005 च्या कायद्याने हिंदू कुटुंबात मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, तरी ही रीत सुटलेली नाही. राजकारणातही हेच चालले आहे. ओवाळणी देणारा ती किती व केव्हा द्यायची हे स्वतः ठरवतो. वाटणी मात्र हक्काने मागता येते.

या वाटणीचा इतिहास टाळाटाळीचा आहे. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने 1974 च्या अहवालात विधिमंडळांतील राखीव जागांना बहुमताने नकार दिला. वीणा मजुमदार व लतिका सरकार यांनी त्याविरुद्ध भिन्न मत नोंदवले. पंचायतींत 1993 पासून एक तृतीयांश आरक्षण आले आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये ते निम्म्यावर नेले. संसदेसाठीचे विधेयक मात्र 1996 पासून रखडले. 2010 मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले, लोकसभेत ते अडले. 2023 च्या कायद्यातही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, अशी अट होतीच.

ते अडवण्यात समाजवादी वारसा सांगणारे पक्ष आघाडीवर होते, हे विसरून चालणार नाही. इतर मागासवर्गीय स्त्रियांना वेगळा वाटा हवा, ही त्यांची मागणी रास्त होती व आजही आहे. 2023 च्या कायद्यात तो वाटा नाही. पण डॉ. लोहियांनी विशेष संधीचा विचार मांडताना सर्व जातींच्या स्त्रियांची गणना मागासलेल्यांतच केली होती. त्यांचे नाव घेऊन स्त्रियांची वाट अडवणे विपरीत होते. शिवाय मागास, दलित व मुस्लिम स्त्रियांना उमेदवारी देण्यापासून या पक्षांना कोणत्या कायद्याने रोखले होते? बिजू जनता दलाने 2019 मध्ये लोकसभेच्या 21 पैकी सात उमेदवाऱ्या स्त्रियांना दिल्या. त्यांतील पाच जिंकल्या. त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही.

केवळ संख्येने सारे साधते, असेही नव्हे. सरपंचाच्या खुर्चीमागे उभा असलेला तिचा पती आपण सर्वांनी पाहिला आहे. उलट, 1977 च्या लोकसभेत स्त्रिया केवळ 19 होत्या. मात्र मुंबईतून गेलेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर कोणाच्या कृपेने गेल्या नव्हत्या. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या सामान्य गृहिणी त्यांच्या पाठीशी होत्या. चळवळीतून आलेल्या प्रतिनिधीला खुर्चीमागे कोणी लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी कायद्याची वाट पाहत बसू नये. उमेदवार ठरवणाऱ्या समित्यांत स्त्रिया किती आहेत, हे प्रत्येक तालुक्यात विचारावे. एक तृतीयांश उमेदवाऱ्या पक्षाने स्वतःहून द्याव्यात, आणि त्या पडेल जागांवर नव्हेत. बैठका रात्री नऊनंतर घ्यायच्या आणि बायका येत नाहीत म्हणून तक्रार करायची, ही सवयही सोडावी. रेशन, पाणी आणि मजुरीच्या लढ्यांत बायका आजही पुढेच असतात. त्यांना मोर्चापुरते बोलवायचे, की निर्णयाच्या बैठकीत बसवायचे, हा प्रश्न संसदेच्या आधी आपल्या पक्ष-कार्यालयात सोडवावा लागेल.