विश्लेषण : नृत्य-दांपत्याची कारकीर्द पडद्यावर आणणे अवघड का? अंधेरीतील बर्धन दांपत्याचे उदाहरण काय सांगते?

चित्रकाराचे चित्र उरते, लेखकाचे पुस्तक उरते. नर्तकाचे नृत्य मात्र प्रयोग संपला की संपते. ते जपण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे माहितीपट. पण आधुनिक नृत्य जर पती-पत्नीने मिळून घडवले असेल, तर श्रेय कोणाचे आणि हक्क कोणाचा, असे प्रश्न उभे राहतात. या प्रश्नांचे एक टोक मुंबईच्या उपनगरात, अंधेरीत सापडते.

अंधेरीचा संबंध काय?
‘इप्टा’ अर्थात भारतीय जननाट्य संघाची स्थापना १९४३ मध्ये मुंबईत झाली. त्यानंतर लगेचच संघाचे मध्यवर्ती नृत्यपथक अंधेरीत राहू लागले. कलावंतांचे राहणे, जेवण आणि तालीम सगळे एकत्रच होते. या पथकाचे नृत्यदिग्दर्शन शांती बर्धन यांच्याकडे, तर संगीताची धुरा काही काळ पंडित रविशंकर यांच्याकडे होती. बंगालचा दुष्काळ आणि स्वातंत्र्यलढा हे विषय ‘स्पिरिट ऑफ इंडिया’, ‘इंडिया इमॉर्टल’ अशा नृत्यनाट्यांतून रंगमंचावर आले. देव-दानवांच्या कथांपलीकडे जाऊन नृत्याने वर्तमानावर बोलणे, हे तेव्हा नवे होते.

शांती आणि गुल बर्धन कोण?
कोमिल्ला (आता बांगलादेश) येथे १९१६ मध्ये जन्मलेले शांती बर्धन हे उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रात तयार झालेले कलावंत. गुल बर्धन या गुजराती कुटुंबातल्या, माहेरच्या झवेरी. १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटिल बॅले ट्रूप’ उभा राहिला. त्याच्या ‘रामायण’ नृत्यनाट्यात जिवंत नर्तक कठपुतळ्यांसारखे, कोनदार हालचालींनी नाचत. ‘पंचतंत्रा’त पशुपक्ष्यांच्या चालींचा वापर होता. १९५४ मध्ये क्षयाने शांती बर्धन यांचे निधन झाले, तेव्हा ते चाळिशीतही पोहोचले नव्हते. पथक तेव्हाच बंद पडायचे. पण गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी ते सावरले. मुंबईत सुरू झालेले हे पथक पुढे ग्वाल्हेर आणि नंतर भोपाळला गेले. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे पतीने दोन वर्षे चालवलेले पथक पत्नीने पाच दशकांहून अधिक काळ जिवंत ठेवले.

हे एकच उदाहरण आहे का?
नाही. अल्मोड्याच्या केंद्राशी जोडलेली आणखी दोन दांपत्ये पाहता येतील. उदय शंकर आणि अमला यांचा विवाह १९४२ चा. जोहरा आणि कामेश्वर सेहगल यांचाही त्याच वर्षीचा. सेहगल दांपत्याने लाहोरमध्ये नृत्यसंस्था काढली आणि फाळणीपूर्वीच्या तणावात मुंबई गाठली. कामेश्वर १९५९ मध्ये गेले, जोहरा २०१४ पर्यंत होत्या. उदय शंकर १९७७ मध्ये गेले, अमला २०२० पर्यंत होत्या. तिन्ही ठिकाणी पत्नी पतीनंतर चार दशकांहून अधिक काळ जगली. नृत्याची स्मृती तिच्याकडे राहिली. इतिहासात मात्र ‘प्रवर्तक’ म्हणून बहुतेक वेळा पतीचेच नाव आधी येते.

चित्रीकरणाने काय फरक पडतो?
उदय शंकर यांनी ‘कल्पना’ (१९४८) हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. त्यात अमला नायिका होत्या. त्यामुळे या जोडीचे नृत्य आजही पाहता येते. जीर्णोद्धारानंतर २०१२ मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला, तेव्हा अमला स्वतः हजर होत्या. अंधेरीच्या पथकाकडे असा स्टुडिओ आणि भांडवल नव्हते. त्यांची स्मृती मुख्यतः छायाचित्रे, मुखवटे आणि शिष्यांच्या शरीरांतून पुढे गेली. गुल बर्धन यांनी १९९२ मध्ये पतीवर ‘रिदम इन्कार्नेट’ हा ग्रंथ संपादित केला, पण ग्रंथातून हालचाल दिसत नाही.

कायदा काय म्हणतो?
कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नृत्यरचना ही ‘नाट्यकृती’ मानली जाते. मात्र ती लेखी किंवा अन्य प्रकारे नोंदवलेली असावी लागते. चित्रपट या व्याख्येतून वगळला आहे आणि चित्रपटाचा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे जातो. शिवराम कारंत यांच्या यक्षगान बॅलेवरील वादात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अशी नृत्यनाट्ये साहित्यकृतीपेक्षा वेगळी, नाट्यकृती असल्याचे स्पष्ट केले. हक्काची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. या हिशेबाने एकट्या शांती बर्धन यांच्या नावावरील रचनांची मुदत २०१४ अखेर संपते. पण रचना संयुक्त ठरली, तर मुदत शेवटच्या रचनाकाराच्या मृत्यूपासून मोजतात. म्हणजे ‘नृत्य कोणी बसवले’ हा केवळ मानाचा प्रश्न राहत नाही, तो हक्काचाही होतो.

मग चांगल्या माहितीपटाने काय करावे?
एक, नृत्य तुकड्यांत न कापता सलग, पूर्ण शरीर दिसेल असे दाखवावे. केवळ चेहऱ्याचे जवळून घेतलेले दृश्य नृत्याची रचना लपवते. दोन, तालमीत कोण काय सुचवत होते, हे सहकारी नर्तकांकडून नोंदवून घ्यावे आणि श्रेयनामावलीत दोघांचे काम वेगवेगळे मांडावे. तीन, कच्चे चित्रीकरणही पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा दिल्लीची संगीत नाटक अकादमी अशा सार्वजनिक संग्रहांत जमा व्हावे.

आता घाई का?
१९५० च्या दशकात या पथकात नाचलेली पिढी आज नव्वदीच्या आसपास किंवा त्यापलीकडे आहे. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि माहितीपटांची सरकारी जबाबदारी आता एका छताखाली आली आहे. गुल बर्धन यांचा जन्म १९२८ चा. जन्मशताब्दी जवळ आली आहे. अशा निमित्ताने समारंभ होतातच. त्याआधी जुन्या नर्तकांसमोर कॅमेरा गेला, तर मुंबईच्या उपनगरात घडलेल्या आधुनिक नृत्याच्या या प्रकरणाची प्रत्यक्ष साक्ष हाती लागेल. उशीर झाला तर छायाचित्रांवरच भागवावे लागेल.