पावसातला पंच कोण?

मैदानावर पाऊस आला की पंच यष्ट्यांवरील बेल्स काढतात, खेळपट्टीवर आच्छादन पडते आणि खेळाडू तंबूत परततात. प्रेक्षकांपुरता प्रश्न तेवढ्यावर मिटतो. परंतु ज्यांनी त्या सामन्यावर पैसे लावलेले असतात, त्यांचा खरा सामना त्याच क्षणी सुरू होतो. पैज टिकली की मोडली? रक्कम परत मिळणार की बुडाली? आणि हे ठरविणार कोण? ह्यांतील शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पावसाने खेळावर अन्याय होतो हे क्रिकेटला फार पूर्वी कळले. २२ मार्च १९९२ रोजी सिडनी येथील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला, थोडा वेळ खेळ थांबला आणि तत्कालीन नियमाने अखेरीस एका चेंडूत २१ धावांचे हास्यास्पद लक्ष्य उरले. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांनी तयार केलेली पद्धत १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे प्रथम वापरली गेली. उरलेली षटके व हाती असलेले गडी यांचा एकत्र हिशेब करून लक्ष्य ठरविणारी हीच पद्धत, पुढे स्टीव्हन स्टर्न यांनी सुधारलेल्या रूपात, आज रूढ आहे. तिच्याविषयी तक्रारी असतील. पण ती लेखी आहे, सामन्यापूर्वी दोन्ही संघांना ठाऊक असते आणि ती लागू करणाऱ्याचा निकालात स्वार्थ नसतो. न्यायाला एवढे तरी लागतेच.

आता पैजेकडे वळू. ब्रिटनमध्ये परवानाधारक पेढ्यांचे नियम छापील असतात. त्यांचा सर्वसाधारण गाभा असा : विजेत्यावरची पैज अधिकृत निकालाप्रमाणे चुकती होते, मग तो निकाल डकवर्थ-लुईसने लागलेला का असेना. एकदिवसीय किंवा वीस षटकांचा सामना निकालाविना सोडून द्यावा लागला तर लावलेली रक्कम परत. डावातील धावांवर पैज असेल आणि षटके ठरावीक मर्यादेपलीकडे कापली गेली तर ती रद्द. मात्र षटके कापण्यापूर्वीच जिचा निर्णय लागून चुकला ती कायम. दोघांना संयुक्त विजेते ठरविले तर बहुधा रक्कम निम्मी धरतात : शंभर लावले असतील तर पन्नास जिंकले आणि पन्नास बुडाले.

हा तपशील क्षुल्लक नव्हे. २०२३ च्या आयपीएलच्या अंतिम सामन्यात गुजरातने २१४ धावा केल्या, पाऊस आला आणि चेन्नईला १५ षटकांत १७१ धावांचे लक्ष्य मिळाले. शेवटच्या चेंडूवर चेन्नई जिंकली. विजेत्यावरची पैज येथे सरळ चुकती होते. परंतु चेन्नई वीस षटकांत किती धावा करील ह्यावर लावलेल्या पैशांचे काय? २००२ साली कोलंबो येथे चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना दोन दिवस पावसात वाहून गेला व भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते ठरले. तेथे रक्कम परत द्यायची की निम्मी धरायची? नियम लेखी असेल तर वाद मिटतो. नसेल तर ज्याच्या हाती वही, त्याच्याच हाती निवाडा!

आणि आपल्याकडे नेमके हेच घडते. येथील सट्टा दूरध्वनीवरील शब्दावर चालतो. अमुक षटकांत किती धावा होतील ह्याची ‘सेशन’ची पैज लागते, मध्येच सर येते आणि पुढचा हिशेब बुकी सांगेल तो. तो लबाडच असेल असे आम्ही म्हणत नाही. पण स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश झालेल्या माणसाच्या सचोटीची परीक्षा कोणी घ्यावी? १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला आहे. त्यामुळे जिंकलेल्याला न्यायालयाचे दार बंद. गंमत अशी की महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस पडण्या-न पडण्यावरील जुगाराचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईकर एके काळी थेट पावसावरच पैसे लावीत. आज ते क्रिकेटवर लावतात आणि निकाल पुन्हा पावसाच्या हाती जातो.

लोढा समितीने २०१६ साली आणि विधी आयोगाने २०१८ साली नियमनाचा मार्ग सुचविला होता. संसदेने २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालून दुसरा मार्ग पत्करला. सट्ट्याला परवाना द्यावा असे आमचे मागणे नाही. छापील नियमांनी सट्टेबाज श्रीमंत होत नाही, कारण पेढीचा नफा भावातच दडलेला असतो. परंतु शासनाने पंच होण्याचे नाकारल्यावर नागरिकाला दुसऱ्या पंचाच्या तोंडी देऊन चालणार नाही. आज हरलेल्या मुलाकडे वसुलीची माणसे येतात, आणि स्वतःच गुन्ह्यात अडकू ह्या भीतीने तो पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. धमकीची तक्रार घेऊन येणाऱ्याची आधी झडती न घेता त्याला आधी संरक्षण द्यावे, एवढे तरी पोलिसांनी जाहीर केले पाहिजे.

आणि आमच्या वाचकांना सांगावयाचे ते हे की, सट्ट्याचे देणे कायद्याने देणेच नव्हे; ते धमकावून उकळणे हा मात्र गुन्हा आहे. ही गोष्ट घरातल्या तरुणांना आजच सांगा. मुलगा चुकला असेल तर रागवा. पण सावकाराकडे किंवा रेल्वेच्या रुळांकडे वळण्याआधी तो आपल्याकडे येईल, एवढा आधार त्याला घरात असू द्या.