आभाळात दिवा, पालावर काठी

दोस्तांनो, २०२४ चा पावसाळा आठवा. मराठवाड्यात अंधार पडला की माणसं माना वर करून उभी. बीड, जालना, तिकडं नगर-पुण्याकडची गावं, सगळीकडं एकच बोंब. ड्रोन फिरायलेत! लाल-हिरवा दिवा, भुंग्यासारखी घूंघूं. कोणी म्हणे चोर टेहळणी करायलेत, कोणी म्हणे सरकारचा सर्व्हे, कोणी एकदम पाकिस्तान-चीनवर घसरलेला. व्हॉट्सॲपवर तर शेजारच्या गावातला दरोडा रोज नवा पडायचा. शेजारच्या गावाला विचारलं की ते त्याच्या पलीकडच्या गावाकडं बोट दाखवणार.

चारठाण्याहून मायचा फोन आला. “गावात कोणालाच झोप नाही बाबा. तुझा भाऊ बी जायलाय गस्तीला.”

“कोणाच्या गस्तीला?”

“समद्याच्या. पाटलाकडची पोरं, आपली पोरं. एकाच पारावर बसून चहा प्यायलेत.”

मायच्या आवाजात कौतुक होतं. का नसावं? यादवांच्या काळच्या देवळांचं गाव आमचं, जिंतूर तालुक्यातलं. बाहेरून लोक येतात, खांबांचे फोटो काढतात. त्या दगडांना जेवढा मान, तेवढा मायच्या बापाला कधी मिळाला नाही. आता एका दिव्यानं गाव एक केलं. जात मोडायला ड्रोन लागला. हसा साल्यांनो.

पण पुढचं ऐका. तिसऱ्या रात्री गस्त गावापासून दोन कोसांवरच्या माळावर गेली. तिथं पारध्यांची चार पालं होती. आभाळातला दिवा काठीनं पाडता येत नाही. पाल पाडता येतं. माझ्या भावानं एका बाईच्या तोंडावर बॅटरी मारली आणि आधार कार्ड मागितलं. त्यानंच सांगितलं मला फोनवर, मोठं काम केल्यासारखं. मारलं नाही म्हणे कोणाला, नुसतं विचारलं. सकाळी माळावर चुली होत्या, माणसं नव्हती.

मी त्याला म्हणालो, तुझ्या आज्याला गावात शिरताना हेच विचारत होते. कोणाचा रे तू? कुठं चाललास? तू त्यांची बॅटरी हातात घेतलीस आणि गावात बसल्यासारखा झालास. तो गप्प बसला. मग म्हणाला, “तुला तिकडं शहरात बसून काय भेव?”

बरोबर बोलला. म्हणून हे त्याच्यासाठी लिहितोय आणि त्याच्यासारख्या प्रत्येकासाठी, जो शहरात खोली करून राहतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘संशयित इसम’ फॉरवर्ड करतो.

भय खोटं नसतं. डोक्यावर कोण फिरतंय हे विचारायचा माणसाला हक्क आहे. अंतरवाली सराटीत मनोज जरांगेंच्या घरावर ड्रोन फिरला म्हणून २०२४ च्या जुलैत विधानसभेत प्रश्न आला, सरकारला उत्तर द्यावं लागलं. चांगलं झालं. पण पालावरच्या माणसासाठी असा प्रश्न कोण विचारणार? त्याच्याकडं डोळा वटारून तर दीडशे वर्षं बघणं चालू आहे. इंग्रजानं १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पोलिसाच्या डोक्यातला जुना कायदा कोणी रद्दच केला नाही. आणि आता तो माझ्या भावाच्या डोक्यात बी शिरलाय.

नुसतं विचारलं म्हणतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला बाजाराच्या दिवशी असंच विचारायला सुरुवात झाली होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडची पाच माणसं, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारी. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. पाचही मेले.

आणि हे अडाणी खेड्यातच होतं असं समजू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेवर चीनचा फुगा दिसला तर त्या महासत्तेची तीच गत. आभाळाकडं बंदुका झाडू नका, असं तिथल्या एका शेरीफच्या कचेरीला लोकांना सांगावं लागलं. ४ तारखेला लढाऊ विमानानं मिसाईल सोडून फुगा पाडला. पुढच्या आठवड्यात आणखी तीन वस्तू पाडल्या आणि मग अध्यक्ष म्हणाले, ती तीन बहुतेक खाजगी कंपन्यांची नाहीतर संशोधनाची असावीत. हाच तो देश, ज्याच्या एफबीआयनं आपल्याच ब्लॅक पँथरांच्या घरात खबऱ्या पेरला. फ्रेड हॅम्प्टन कुठल्या खोलीत झोपतो त्याचा नकाशा त्या खबऱ्यानं पुरवला आणि ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी २१ वर्षांच्या त्या पोराला गोळ्या घातल्या. त्यासाठी फुगा लागला नाही.

आपल्याकडं परदेशी हेर खरोखरच आला, तेव्हा कुठली गस्त निघाली? पेगासस. इस्रायली कंपनीचा माल, सरकारांनाच विकतो असं कंपनी स्वतः सांगते. २०१९ ला आनंद तेलतुंबड्यांना व्हॉट्सॲपकडून कळवलं गेलं की तुमच्या फोनला लक्ष्य केलं होतं. १४ एप्रिल २०२०, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, ते तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच असं ठाम सांगता आलं नाही. आणि सरकारनं सहकार्य केलं नाही, हे २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी कोर्टात सांगितलं. खिशातल्या त्या डोळ्यासाठी कोणी एक रात्र जागलं नाही. तो घूंघूं करत नाही ना.

मग आमच्या जिल्ह्याची पाळी आली. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद, दगडफेक, जाळपोळ. त्यानंतर पोलीस वस्त्यांत शिरले. दारं तोडून, बायापोरांना बी मारलं, असं वस्तीतले लोक सांगतात. रात्री फिरणारा दिवा कोणाचा हे पावसाळाभर ज्यांना सापडलं नव्हतं, त्यांना आमची घरं मात्र बरोबर सापडली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळं आलेला शॉक, आणि सरकार सभागृहात सांगतंय की त्याला श्वसनाचा आजार होता. त्याच्या आईनं लढून २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयातून पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश आणला. सरकार त्याच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही हरलं.

सोमनाथ वडार होता. दगड फोडणाऱ्या, पालातल्या बिऱ्हाडांचा वंशज. निळ्या झेंड्याखाली संविधानासाठी उभा राहिला आणि मेला.

हे सगळं भावाला सांगितलं. तो म्हणाला, “मग गस्तीला जाऊच नको का?”

जा. पुन्हा दिवा दिसला तर जरूर जा. पण गस्त माळाकडं वळली की तू तिच्या आधी पळत सुट आणि पालापुढं उभा राहा, बॅटरी गस्तीच्या तोंडावर धरून. पारावरचा चहा बंद होईल त्यानंतर, हे धरून चाल. त्या चार पालांतली माणसं कुठं गेली ते शोधायला मी या उन्हाळ्यात गावी येतोय. तू बी चल सोबत. त्या बाईशी काय बोलायचं ते वाटेत ठरवू.